करवीर, कनेर आणि कणगिले

काही झाडं अशी असतात की ती पाहायला मुद्दाम कुणी जात नाही. गुलाबाचं प्रदर्शन भरतं, शेवंतीचं भरतं. कण्हेरीचं प्रदर्शन भरल्याचं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही. ती आपली कुंपणाला, विहिरीच्या कडेला, देवळाच्या मागच्या बाजूला उभी असते. हल्ली तर तिला महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात उभं केलं आहे. एकीकडून मालमोटारी, दुसरीकडून बसगाड्या, वरून ऊन आणि खालून धूर. तरी ही बाई गुलाबी फुलं घेऊन हसतमुख!

आपल्या सीमाभागातल्या घरांत तिला दोन नावं आहेत. मराठीत कण्हेर, कन्नडमध्ये कणगिले. हिंदीत ती कनेर होते. संस्कृतातलं तिचं जुनं नाव आहे, करवीर. कोल्हापूरला करवीर का म्हणतात याच्या पुराणकथा वेगळ्या आहेत, त्यांत मी शिरत नाही. पण शब्द तोच आहे, आणि आजही कोल्हापूरच्या एका तालुक्याचं नाव करवीर आहे. ज्या झाडाकडे आपण ढुंकून पाहत नाही, त्याचं नाव आपण रोज एसटीच्या पाटीवर वाचतो.

आज हा विषय काढायला निमित्त झालं ते वाचक भगिनींच्या एका प्रश्नाचं. गेल्या काही दिवसांत दोघीतिघींनी मला एकच गोष्ट विचारली. घरात लहान मूल आहे आणि अंगणात कण्हेर आहे. कुणी म्हणतं विषारी आहे, काढून टाका. सासूबाई म्हणतात देवाचं झाड आहे, हात लावू नका. आम्ही काय करावं? मी मराठी शिकवते, वनस्पतिशास्त्र नाही. पण हा प्रश्न मी उज्जैनला, माझ्या आत्याच्या घरात, अगदी जवळून पाहिला आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आत्या लग्न होऊन उज्जैनला गेली त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. उज्जैन म्हटलं की आपल्याला महाकाल आणि कालिदास आठवतात. पण त्या शहराशी आपलं नातं त्याहून घरगुती आहे. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला, तेव्हा राणोजी शिंद्यांनी आपलं ठाणं तिथे केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या देवळाची पुन्हा उभारणी केली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मराठी घरं उज्जैनमध्ये राहिली. शहराच्या मधोमध जे गोपाळ मंदिर आहे, ते दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलं. आणि या बायजाबाई कुठल्या? आपल्या कागलच्या, घाटग्यांच्या घरच्या. निपाणीहून कोल्हापूरला जाताना आपण ज्या कागलवरून जातो तेच कागल. त्यामुळे आत्याकडे गेलं की मला परक्या गावी आल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे मराठी बोलता बोलता कन्नड येतं, तिच्याकडे हिंदी येतं, एवढाच फरक.

तिच्या घराच्या कुंपणाला कण्हेरीची सात झाडं आहेत. पाच गुलाबी दुहेरी पाकळ्यांची, एक पांढरी आणि एक गर्द लाल. सासऱ्यांनी लावलेली. सोमवारी सकाळी परडीभर फुलं काढायची, घरच्या पिंडीला वाहायची आणि उरलेली शेजारच्या दोन घरांत द्यायची, हा तिचा नेम. एरवी झाडांकडे कुणी फारसं बघत नाही. “इथली कनेर काही मागत नाही बघ,” आत्या म्हणते, “आपल्यासारखी नाही ती, सारखं कौतुक लागत नाही तिला.”

कण्हेरीला कौतुक का लागत नाही, याचं उत्तर तिच्या माहेरात आहे. आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून मी हे समजून घेतलं. तिचं शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. १७५३ मध्ये लिनियसने हे नाव ग्रंथात नोंदवलं. भूमध्य समुद्राच्या काठचे देश, तिथून इराण, पुढे भारत आणि चीनपर्यंत तिचं मूळ घर पसरलेलं आहे. पूर्वी शास्त्रज्ञ आपल्याकडची सुवासिक कण्हेर वेगळ्या जातीची मानत. आता दोन्ही एकच धरतात. म्हणजे ग्रीस-इटलीतली आणि आत्याच्या कुंपणातली कण्हेर या सख्ख्या बहिणी. इटलीतलं पोंपेई हे गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या घरांच्या भिंतींवर बागांची चित्रं निघाली आहेत, त्यांत कण्हेर आहे.

तिकडे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. कण्हेर तिथे ओढ्यांच्या, कोरड्या नदीपात्रांच्या काठाने वाढते. वर पाणी दिसत नाही, पण खाली मुळांना ओल सापडते. पानही तसंच. जाड, चिवट, वर मेणासारखा थर. पानाच्या खालच्या बाजूला श्वास घेण्याची छिद्रं असतात, ती उघड्यावर नसून बारीक खळग्यांत असतात आणि त्या खळग्यांत केस असतात. त्यामुळे गरम वारा आतली ओल ओढून नेऊ शकत नाही. कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातला ठरलेला धडा आहे. घरातल्या मुलामुलींना विचारून बघा.

उज्जैनला मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगली थंडी पडते. कण्हेर दोन्ही काढते. तिला न सोसणारी गोष्ट एकच, मुळांपाशी साचलेलं पाणी. माळव्याची जमीन काळी. पावसात फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिथले जाणते लोक कण्हेर सपाट जमिनीत लावत नाहीत. दीड-दोन फुटांचा खड्डा घेतात, तळाला विटांचे तुकडे नि मुरूम टाकतात, माती-वाळू-शेणखताने खड्डा भरतात आणि वर वीतभर उंचवटा करून त्यावर रोप लावतात. आपल्याकडेही अथणी-रायबागच्या बाजूला काळी माती आहे, त्यांनी असंच करावं. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी माती आहे, पाणी झटकन निथळतं. तिथे एवढा खटाटोप नको, पण शेणखत थोडं जास्त घाला.

रोप विकत आणायची गरज नाही. पावसाळा तोंडावर आला की शेजारच्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्यावी, सहा ते आठ इंचांची. खालची पानं काढून टाकावीत, वरची तीन-चार ठेवावीत. ती वाळूमिश्रित मातीत खोचली तरी चालते, किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवली तरी तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. बाटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. आणि हे महत्त्वाचं. ते पाणीही विषारी होतं. बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फ्रिजवर, मुलाच्या हाताला येईल अशा खिडकीत ठेवू नका. पाण्याची म्हणून वापरतो ती बाटली तर मुळीच घेऊ नका.

जागा मात्र उन्हाची हवी. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन लागलं पाहिजे. सावलीत झाड जगतं, उंच होतं, पण फुलत नाही. नव्या रोपाला पहिलं वर्षभर पाणी घाला, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड. जमिनीतलं झाड एकदा रुजलं की पुढे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिलं तरी पुरतं. कुंडीत लावायचं असेल तर १४ इंचांची तरी कुंडी घ्या, खालचं भोक बुजलेलं नाही ना ते पाहा. दोन वर्षांनी माती बदला. युरिया घालण्याचा मोह आवरा. युरियाने पानं गच्च येतात आणि फुलं रुसतात. छाटणीनंतर एकदा आणि पावसाच्या सुरुवातीला एकदा कुजलेलं शेणखत, एवढा खुराक तिला बास.

छाटणीचा काळ आत्याच्या घरी पंचांगाला बांधलेला आहे. महाशिवरात्र झाली की छाटणी. त्यामागे हिशेब आहे. कण्हेरीची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. शिवरात्रीला मिळतील तेवढी फुलं देवाला द्यायची, मग फांद्या साधारण तिसरा हिस्सा कमी करायच्या. एप्रिलपर्यंत नवे फुटवे येतात आणि ऐन उन्हाळ्यात, बाकीची बाग मान टाकत असताना, कण्हेर भरभरून फुलते. बुंध्यापासून येणारे जादा धुमारे काढले की झाडात हवा खेळती राहते.

कीड फारशी लागत नाही. कोवळ्या टोकांवर पिवळाधमक मावा दिसतो. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, नाही गेला तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून फवारावं. कधी बोटाएवढी हिरवी अळी दिसते, पुढच्या भागावर निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली. ती एका देखण्या हिरव्या पतंगाची अळी. कण्हेरीवर वाढणारं एक काळपट तपकिरी फुलपाखरूही आहे. त्याचा कोष पानाखाली चांदीच्या लोलकासारखा लखलखतो. चार पानं खाल्ली तर खाऊ द्यावीत असं माझं मत. ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही ते पचवणारा हा जीव म्हणजे कमालच आहे.

आता विषाबद्दल. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक, बी, सगळं विषारी आहे. वाळलेलं पानही विषारीच राहतं आणि फांद्या जाळल्या तर धूरही अपाय करतो. त्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. उलट्या होतात, पोटात कळा येतात, नाडी मंद किंवा अनियमित होते. ही माहिती नवी नाही. संस्कृतात करवीराची आणखी नावं आहेत, अश्वमारक आणि हयमारक, म्हणजे घोड्याला मारणारा. पहिल्या शतकातल्या रोमच्या प्लिनीनेही या झाडाने जनावरं दगावतात असं लिहून ठेवलं आहे. आयुर्वेदाने करवीराला उपविषांत बसवलं आणि शोधन केल्याशिवाय वापरू नये असं बजावलं. म्हणून “आजीचा बटवा” म्हणून कुणी कण्हेरीचा काढा सांगितला तर हात जोडून नमस्कार करा आणि तिथून निघा. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती या झाडाची चुलत बहीण, मूळची अमेरिकेतली. तिच्या बियाही तेवढ्याच घातक. मुलं त्या गोट्यांसारख्या खेळायला घेतात म्हणून मुद्दाम सांगते.

२०२४ च्या मे महिन्यात केरळमध्ये यावर मोठी चर्चा झाली. एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेरीच्या विषाचा संशय व्यक्त झाला, आणि त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या देवळांत नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरायला बंदी केली. पूजेत फूल वाहायला मात्र हरकत घेतली नाही. मला हा निर्णय विचार करण्यासारखा वाटला. देवाला फूल वाहणं आणि ते फूल माणसाच्या हातात, तोंडात जाणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या.

शंकराला प्रिय म्हणून आपण काय काय वाहतो ते आठवून पाहा. बेल सोडला तर रुई, धोतरा आणि कण्हेर. तिन्ही विषारी. ज्याने हलाहल प्राशन केलं त्याला ही फुलं शोभतात, असं आपल्या जुन्या माणसांना वाटलं असेल. पण मला त्यात एक व्यवहारही दिसतो. जे घरात उपयोगाचं नाही, जनावराला चालत नाही, मुलाच्या हाती द्यायचं नाही, त्याला त्यांनी देवाच्या परडीत जागा दिली. झाड तोडलं नाही आणि त्याला मोकळंही सोडलं नाही. फक्त ती परडी पुढे कुठे जाते, तिकडे आपलं लक्ष राहिलं नाही.

आत्याच्या घरी वाद पेटला तो इथेच. तिचा नातू तेव्हा दीड वर्षाचा होता, दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाचा. सूनबाई इंदूरची, शिकलेली, मुलाच्या बाबतीत दक्ष. एके दिवशी देवघरासमोर पडलेली कण्हेरीची पाकळी त्या बाळाच्या मुठीत सापडली. तोंडात गेली नव्हती, पण घर हादरलं. सूनबाई म्हणाली, “आई, तुम्हांला वाईट वाटेल, पण झाडं काढायला हवीत.” आत्या काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही. सासऱ्यांच्या हातची झाडं, तीस-पस्तीस वर्षांचा नेम आणि समोर हातापायांनी रांगणारा नातू. यात कुणाची बाजू खोटी होती? मी त्याच आठवड्यात तिथे पाहुणी म्हणून गेले होते. दोघी मला एकटीला गाठून आपली बाजू सांगत होत्या आणि दोघींचं मला पटत होतं.

तोडगा काढला तो आत्यानेच, आणि तो सुनेच्या मागणीपेक्षा फार वेगळा नव्हता. देवघराशेजारची दोन झाडं तिने स्वतः माणूस बोलावून मुळासकट काढायला लावली. मागच्या कुंपणाची पाच ठेवली, पण अंगण आणि कुंपण यांच्यामध्ये कमरेएवढी जाळी बसवली. घरच्या पिंडीला बेल, मोगरा आणि जास्वंद. कण्हेर फक्त सोमवारी, उंचावरच्या फोटोला, आणि संध्याकाळी मोजून उतरवायची. नैवेद्याच्या ताटात फूल ठेवायचं नाही. निर्माल्य गाईपुढे टाकायचं नाही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. आपल्याकडे हार गाईला घालणं पुण्याचं मानतात. त्या हारात कण्हेर असेल तर आपण काय घालतो आहोत?

“आई, एवढं केलंत तर बाकीची राहू देत,” सूनबाई म्हणाली. आता तो नातू पाच वर्षांचा आहे. पाहुण्यांना जाळीपाशी नेऊन बजावतो, “कनेर है, छूना नहीं!” आपल्याकडे असता तर “मुट्टबेड!” म्हणाला असता.

तेव्हा वाचक भगिनींनो, माझं उत्तर असं. मूल तीन-चार वर्षांच्या आतलं असेल आणि कण्हेर त्याच्या वावरण्याच्या जागेत असेल, तर ती तिथून हलवा. मध्ये पक्का अडसर घालता येत नसेल तर काढा. त्यात देवाचा अपमान नाही. दावणीजवळ, चाऱ्याच्या गंजीजवळ कण्हेर नकोच. जागा लांब असेल आणि मुलं समजत्या वयाची असतील तर झाड ठेवा आणि मुलांना त्याची ओळख करून द्या. छाटताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, चीक डोळ्याला लागू देऊ नका. छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे फेकू नका, जाळू नका, चुलीत घालू नका. लांब खड्ड्यात पुरा. तिची काडी दात कोरायला किंवा कणीस भाजायला कधीही घेऊ नका. चुकून कुणी चावलंच तर घरगुती उपाय करू नका, उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. तोंड धुवून, झाडाची एक डहाळी पिशवीत घालून, तडक मोठ्या दवाखान्यात न्या. डहाळी पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

एवढी काळजी घेऊन हे झाड कशाला ठेवायचं, असंही कुणी विचारेल. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या जळलेल्या जमिनीत लवकर फुलून आलेल्या झाडांत कण्हेर होती, आणि म्हणून त्या शहराने १९७३ मध्ये तिला आपलं फूल मानलं. इतक्या लांब जायलाही नको. मे महिन्याच्या दुपारी, नळाला चार दिवसांनी पाणी येत असताना, अंगणात दुसरं काय फुलतं ते बघा. जे झाड काही मागत नाही ते आपल्याकडून एवढंच मागतं, की त्याला ओळखून वागा.

पावसाची पहिली सर आली की कलमं करायला घ्या. हातमोजे मात्र आधी आणून ठेवा.